पाच-सहा वॉटमध्ये उपग्रहाची नोंद

केज तालुक्यातलं युसूफ वडगाव असो की मुंबई, ध्रुवांवरून फिरणारे हवामान उपग्रह दोन्हीकडे सारख्याच नेमाने डोक्यावरून जातात. अमेरिकेचे नोआ मालिकेतले जुने, पकडायला सोपे उपग्रह ऑगस्ट २०२५ पर्यंत बंद झाले. रशियाचे मीटिऑर उपग्रह मात्र १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास ढगांची चित्रं पाठवतात. ती घ्यायला थाळी लागत नाही. सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन दांड्या १२० अंशांच्या कोनात बसवल्या की अँटेना झाली. शिवारात उंच इमारतींची आडकाठी नसते, हा गावाचा जादा फायदा.

राहिला रेडिओ. पूर्वी प्रत्येक कामाला तो वेगळा लागे. २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आलं, की संगणकावर टीव्ही दाखवणाऱ्या स्वस्त डोंगलमधली आरटीएल२८३२यू ही चिप लहरींचे कच्चे नमुने सरळ यूएसबीवर देते. गाळणं, उलगडणं ही पुढची कामं सॉफ्टवेअरने करायची. हाच सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ.

हे काही हौशींपुरतं नाही. पुणे जिल्ह्यात खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण घ्या. तिथल्या ३० अँटेनांचे सिग्नल एकत्र करणं आधी खास बनवलेल्या सर्किटांचं काम होतं. २०१० च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावरचं सॉफ्टवेअर करू लागलं.

गावात समूह कुठून आणणार? तिथे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बरा. डोंगलसकट पाच-सहा वॉट खातो, म्हणजे वीज गेली तरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीवर आठेक तास निघतात.

खरी अडचण नमुने कार्डावर लिहिण्याची. डोंगल सेकंदाला २४ लाख नमुने देतो, प्रत्येकाला दोन बाइट. म्हणजे सेकंदाला ४.८ मेगाबाइट, तासाला १७ गीगाबाइटहून जास्त. मेमरी कार्डाच्या वेष्टनावरचा वेग याहून मोठा दिसतो, पण तो जास्तीत जास्त वेग. कार्ड मध्येच स्वतःच्या आवराआवरीत क्षणभर अडकतं, उपग्रह काही थांबत नाही, बफर भरतो आणि नमुने गळतात. चित्रात काळे पट्टे येतात. दोष मात्र बिचाऱ्या अँटेनाला मिळतो.

उपाय महागडा नाही: कमी नोंदवा. मीटिऑरचा सिग्नल जेमतेम दीडशे किलोहर्ट्झ रुंद. सेकंदाला अडीच लाख नमुने त्याला पुरतात. मग बारा मिनिटांच्या फेरीला साडेतीन गीगाबाइटऐवजी ३६० मेगाबाइट लागतात. एवढी फाइल पायच्या रॅममध्येच मावते. उपग्रह क्षितिजाआड गेला की निवांत कार्डावर उतरवावी. चित्र उलगडणंही नंतरच करावं. एक सूचना: मोबाइलच्या बारीक केबलवर पाय चालवू नये. व्होल्टेज पडलं की तो आपोआप संथ होतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने उपग्रहाच्या मागे लागण्याआधी एखादं एफएम केंद्र सेकंदाला अडीच लाख नमुन्यांच्या याच वेगाने अर्धा तास कार्डावर नोंदवून बघावं. फाइल नेमकी ९० कोटी बाइटची भरली पाहिजे. कमी भरली, तर आधी कार्ड बदला.