जनरेटर त्या रात्री का सुरू झाला नाही?

मैत्रिणींनो, भारनियमनाचे ते दिवस आठवतात ना? आपल्या कर्जत-खोपोली पट्ट्यात तेव्हा घरातलं वेळापत्रक घड्याळावर नाही, तर लाइट कधी जाणार यावर ठरायचं. दळण, पाण्याची मोटर, मिक्सर, सगळं त्याआधी उरकायचं. गंमत बघा, टाटांनी खोपोलीला १९१५ साली आणि भिवपुरीला १९२२ साली घाटावरचं पाणी खाली आणून वीज तयार करायला सुरुवात केली, आणि त्याच खोपोली-भिवपुरीच्या पंचक्रोशीत आम्ही बायका संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसत बसायचो!

त्याच दिवसांतली, २००६ च्या पावसाळ्यातली एक रात्र मी विसरू शकत नाही. धाकट्या जावेला कळा सुरू झाल्या म्हणून तिला जवळच्या एका प्रसूतिगृहात नेलं होतं. नाव सांगण्याचं कारण नाही. रात्री दीडच्या सुमाराला लाइट गेली. मागच्या शेडमध्ये जनरेटर होता, वॉर्डबॉय धावला. त्याने बटण दाबलं, ‘टक्’ असा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा ‘टक्’. इकडे एक बॅटरी आयाबाईंच्या हातात, एक माझ्या. बाळ आलं, पण रडेना. सक्शनचं मशीन विजेवरचं. शेवटी सिस्टरनी तोंडाने ओढायची नळी घेतली आणि बाळाच्या घशातला चिकटा काढला. ते रडलं तेव्हा माझ्या हातातली बॅटरी इतकी हलत होती की भिंतीवर नुसता उजेड नाचत होता.

सकाळी मेकॅनिक आला. म्हणाला, “वहिनी, सेल्फचा सोलेनॉइड चिकटलाय. डुप्लिकेट टाकलाय कोणीतरी. मी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, बदलून घ्या म्हणून.” कोणाला सांगितलं होतं? तर काउंटरवर जो कोणी होता त्याला. लिहून ठेवलं होतं का? नाही.

त्या रात्री जन्मलेली आमची पुतणी आता मेकॅनिकल डिप्लोमा करून खोपोलीच्या एका वर्कशॉपमध्ये जनरेटरच खोलते-जोडते. (जाऊ म्हणते, “पोटात असतानाच वैर धरलं तिने त्या मशीनशी!”) परवा सुट्टीला आली तेव्हा विषय निघाला. म्हणाली, “मोठीआई, दवाखान्याचं सोड. अणुवीज केंद्रात असा जनरेटर चालू झाला नाही तर?” मला आधी प्रश्नच कळला नाही. जे स्वतः वीज बनवतं त्याला जनरेटर कशाला लागतो?

लागतो, आणि त्याचं कारण आपल्या चुलीत आहे. लाकडं ओढून घेतली, जाळ विझला, तरी निखाऱ्यांची धग राहतेच की नाही? अणुभट्टी बंद केली की त्या क्षणी तिच्या पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. तासाभराने ती दीडेक टक्क्यावर येते, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण शेकडो मेगावॉटच्या भट्टीचे दोन-चार टक्के म्हणजे काही लहान विस्तव नव्हे. ती धग काढून न्यायला पाणी फिरतं राहायला हवं, पाण्याला पंप हवा आणि पंपाला वीज. भट्टी बंद आणि त्याच वेळी बाहेरची लाइनही गेली, तर भिस्त कशावर? डिझेल जनरेटरवर.

हे जनरेटर एखाद्या खोलीएवढे असतात. आपल्यासारखा बॅटरीचा सेल्फ त्यांना बहुधा नसतो, दाबून भरलेल्या हवेने त्यांना पहिला धक्का देतात. इंजिन गार पडून कुरकुरू नये म्हणून त्यातलं पाणी आणि तेल बारा महिने कोमट ठेवतात. हुकूम मिळाल्यावर दहा-पंधरा सेकंदांत त्याने पूर्ण वेग घ्यायचा असतो आणि मग एकेक पंप त्याच्यावर चढवायचा. वर्षानुवर्षं त्याची गरजच पडत नाही, म्हणून ठरलेल्या मुदतीने तो मुद्दाम चालवून बघावा लागतो. आणि एक नाही, किमान दोन, तेही वेगवेगळ्या खोल्यांत.

आता खरी मेख. दोन्ही जनरेटर एकाच कंपनीचे, दोन्हींत एकाच खोक्यातून आलेला सदोष पार्ट बसवलेला, तर दोन असून उपयोग काय? दोन्ही एकाच वेळी दगा देणार. म्हणून प्रत्येक पार्ट कोणत्या बॅचचा, कुठून आला, कधी बसवला याची नोंद ठेवावी लागते. एक खराब निघाला की त्याचे भाऊबंद कुठेकुठे बसलेत ते शोधायचे. खराब पार्टला तांबडी चिठ्ठी लावून वेगळ्या कपाटात कुलपात ठेवायचं, चांगल्यांत मिसळू द्यायचं नाही, आणि टाकायचाच ठरला तर आधी तोडायचा, म्हणजे कोणी उचलून पुन्हा विकायला नको. रबराच्या रिंगा, नळ्या तर नुसत्या फळीवर पडूनही कडक होतात. नवीकोरी आहे म्हणून चालत नाही, तिचीही तारीख बघावी लागते. आपण शेवयांच्या पाकिटाची बघतो तशी.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ शोरहॅमला १९८३ च्या ऑगस्टमध्ये चाचणी चालू असतानाच एका जनरेटरचा क्रँकशाफ्ट तुटला. केंद्र तेव्हा सुरू व्हायचं होतं. उघडून बघितलं तर दुसऱ्या दोघांच्या क्रँकशाफ्टलाही चिरा. मग त्याच कंपनीची इंजिनं देशात जिथे जिथे होती तिथे तिथे तपासणी लागली.

पण पुतणीने सांगितलेली दक्षिण कोरियाची गोष्ट ऐकून मी हातातली भाजी निवडायची थांबले. ९ फेब्रुवारी २०१२, कोरी नावाच्या केंद्रातली १ नंबरची भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. कामात चूक झाली आणि बाहेरची वीज तुटली. एक जनरेटर दुरुस्तीला काढलेला. दुसरा चालू व्हायला हवा होता, तो झाला नाही. का? त्याला हवा सोडणाऱ्या झडपेचा सोलेनॉइड! बारा मिनिटं सगळं अंधारात. नशीब, बाहेरची वीज परत जोडता आली. त्याहून वाईट पुढेच. केंद्रातल्या अधिकाऱ्यांनी ही गोष्ट महिनाभर दाबून ठेवली. त्याच वर्षाच्या शेवटी त्या देशात कळलं की अणुवीज केंद्रांना पुरवलेल्या हजारो सुट्या भागांची गुणवत्तेची प्रमाणपत्रंच खोटी होती. दोन भट्ट्या बंद करून पार्ट बदलावे लागले.

आणि आपल्याकडे? उत्तर प्रदेशात नरोऱ्याला ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलींना लागली. जनरेटर असून त्यांची वीज पोचायला वाटच उरली नाही. सतरा तास केंद्र विजेविना. तिथल्या माणसांनी काळोखात, धुरात चढून जाऊन भट्टीत बोरॉनचं पाणी हाताने सोडलं आणि आग विझवायच्या डिझेल पंपांनी थंड पाणी पोचवलं. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. मात्र त्या पात्यांच्या रचनेतल्या दोषाचा इशारा परदेशी कंपनीकडून काही वर्षं आधीच आला होता, असं अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी नंतर लिहिलं. म्हणजे मेकॅनिकने सांगितलं होतं, काउंटरवरच राहिलं. फक्त काउंटर मोठा होता.

आपल्या महाराष्ट्रातलं तारापूर १९६९ सालचं. त्या जुन्या दोन भट्ट्यांचे जनरेटरही जुने, क्षमतेला कमी पडणारे. २००५-०६ मध्ये दोन्ही भट्ट्या काही महिने बंद ठेवून मोठं काम काढलं. जनरेटर बदलून जास्त ताकदीचे बसवले आणि दोन भट्ट्यांची वीजव्यवस्था एकमेकींपासून वेगळी केली, एकीचं दुखणं दुसरीला नको म्हणून. तेव्हा आमच्या घरी बाळंतपणाची तयारी चालू होती, आम्हाला याचा पत्ताही नव्हता. जपानमध्ये २०११ साली फुकुशिमाला त्सुनामीचं पाणी शिरून एकामागून एक जनरेटर बुडाले. उंचावर बसवलेला, हवेने थंड होणारा एकच तगला. त्याच्या जोरावर ५ आणि ६ नंबरच्या भट्ट्या वाचल्या.

मी विचारलं, “तुमच्या वर्कशॉपला दवाखान्यांचे जनरेटर येतात, ते कसे असतात गं?” हसली. म्हणाली, “बरेचदा चालवून बघतात ते नुसतेच, भार न देता. एक दिवा लागला की झालं. शस्त्रक्रियेची खोली जोडून अर्धा तास चालवा म्हटलं तर डिझेल जळतं म्हणतात. आणि पार्ट ओरिजनल टाकू का विचारलं की पहिला प्रश्न, स्वस्तातला नाही का?” तिने स्वतःची एक वही ठेवली आहे. कोणत्या मशीनला काय घातलं, कोणाला काय बदलायला सांगितलं, समोरच्याची सही. मालक सुरुवातीला चिडायचे. आता गिऱ्हाईक भांडायला आलं की तेच ती वही मागून घेतात.

तुमच्या घरात कोणाची डिलिव्हरी, ऑपरेशन ठरलं असेल, तर खोलीचं भाडं विचारतो तसंच जनरेटर शेवटचा कधी, किती वेळ आणि भार देऊन चालवला होता हेही विचारा. उत्तर द्यायला कोणी वही उघडली तर बरं. नुसती मान हलवली तर मी दुसरं ठिकाण बघेन.

जाता जाता तिची नजर माझ्या कुकरवर गेली. वाफ कडेने येत होती. रिंग लोकलमध्ये घेतलेली, चार महिन्यांपूर्वीची. तिने कुकर गार होऊ दिला, रिंग काढली, दोन बोटांत वाकवून बघितली आणि कात्रीने तिचे तुकडे करूनच केराच्या डब्यात टाकले. माझं तोंड उघडायच्या आत! नवी, कंपनीची आणेपर्यंत दोन दिवस पातेल्यात भात करावा लागला.