‘कॉन्सेक्रेशन’ला नुसतं ‘समर्पण’ लिहून पुढे जाऊ नका

एकोणिसाव्या शतकातली मिशनरी कागदपत्रं, ख्रिस्ती आत्मकथनं, धर्मभगिनींची पत्रं, यांतलं काहीही संशोधनासाठी उघडलं की ‘कॉन्सेक्रेशन’ हा शब्द भेटतोच. त्याच्या मागोमाग ‘देवाच्या इच्छेला शरण जाणे’ही येतं. आपण टिपणवहीत ‘समर्पण’ लिहितो आणि पान उलटतो. पण मराठीत समर्पण म्हटलं की गीतेतली शरणागती, वारी, अर्पणपत्रिका असं सगळं एकदम मनात येतं, आणि ‘स्वतःची इच्छा सोडून देणं’ हा अर्थ आपण न विचारताच गृहीत धरतो. ख्रिस्ती मजकुरात हे गृहीतक बऱ्याचदा चुकतं.

आधी मूळ पाहू. ‘पवित्र’ यासाठी हिब्रूत जे धातुरूप आहे, त्यात देवासाठी वेगळं राखून ठेवण्याचा अर्थ आहे. देवपूजेचं तांब्याचं भांडं आपण रोजच्या भाजीला घेत नाही ना, तसं. भांडं तेच, धातूही तोच. फक्त त्याचा वापर ठरून गेला. बायबलच्या निर्गम पुस्तकात (अध्याय २९) अहरोन आणि त्याच्या मुलांना याजक म्हणून नेमण्याचा विधी आहे. बळी दिलेल्या मेंढ्याचं रक्त त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावायचं. ऐकणं, करणं आणि चालणं देवाच्या कामी लागलं, असा याचा पारंपरिक अर्थ. मग अर्पणाचे भाग त्यांच्या तळहातांवर ठेवायचे. हिब्रूत याजकाच्या नेमणुकीला वाक्प्रचारच आहे ‘हात भरणे’ असा. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या कल्पनेतला समर्पित माणूस रिकाम्या हातांनी उभा असतो. इथे त्याच्या हातात काम दिलं जातं.

आता इच्छेचा प्रश्न. याचा सगळ्यात मोठा संदर्भ म्हणजे अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने केलेली प्रार्थना. ती लोक ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ एवढीच लक्षात ठेवतात. पण त्याआधी तो स्पष्ट मागणी करतो, की हे दुःख माझ्यावरून टळावं. मत्तयच्या शुभवर्तमानात तो तीनदा प्रार्थना करतो. म्हणजे इच्छा आहे, ती बोलून दाखवली जाते, आणि मग संमती येते. यावरून सातव्या शतकात मोठा वाद झाला: ख्रिस्ताला मानवी इच्छा वेगळी होती की फक्त दैवी? मॅक्सिमस नावाच्या संन्याशाने मानवी इच्छेची बाजू धरली आणि त्याबद्दल राजसत्तेकडून शिक्षा भोगली. त्याच्या मृत्यूनंतर ६८०–६८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने दोन्ही इच्छा खऱ्या, असं ठरवलं. मानवी इच्छा पुसली जात नाही, ती दैवी इच्छेच्या मागे चालते. इच्छा असलेलाच शरण जाऊ शकतो. दगड शरण जात नाही.

इथपर्यंत तत्त्व सोपं आहे. खरी मेख पुढे आहे: देवाची इच्छा आपल्याला कळवणार कोण? मठवासी परंपरेत दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं असतात, आणि आज्ञापालन व्यवहारात वरिष्ठांचं असतं. मार्टिन लूथरने १५२१ मध्ये मठातल्या व्रतांवर टीका करणारा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते देवाचं बोलावणं सगळ्याच श्रद्धावंतांना असतं, मठवाल्यांना खास नाही.

हीच मेख आपल्याजवळच्या एका प्रकरणात फार स्वच्छ दिसते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर बिशपांनी हरकत घेतली. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे धर्मतत्त्वांवरून खटके उडतच होते. क्रूसावर लॅटिन शब्द का, संस्कृत का नकोत, इथपर्यंत. १८८५ च्या एका पत्रात रमाबाई सांगतात की भारतातल्या पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय. आता धर्मगुरूंकडून येणारं सगळं परमेश्वराची आज्ञा म्हणून मानण्याचं दुसरं जू घेणार नाही.

हे वाचून ‘रमाबाईंनी समर्पणाला नकार दिला’ असं लिहाल तर फसाल. नकार मधल्या माणसाला आहे, देवाला नाही. सिस्टर जेराल्डीन यांना मात्र या दोन गोष्टी वेगळ्या करणं अवघड जातं, आणि गंमत अशी की पत्रं जमवून ठेवणाऱ्या त्याच आहेत. (तो पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला.) वादातल्या एका पक्षाने राखलेलं दप्तर आहे हे, एवढं वाचताना ध्यानात असू द्या.

उलट बाजूनेही घाई करू नका. १९०७ मधल्या ‘टेस्टिमनी’त रमाबाई लिहितात की धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर भेटला. त्यातली शरणागतीची भाषा पाहून ‘आधी बंडखोर, मग आज्ञाधारक’ असा आलेख काढायचा मोह होतो. पण त्याच काळात केडगावचं मुक्ती मिशन त्या कुठल्याही एका पंथाच्या ताब्यात न देता चालवत होत्या. प्रचलित मराठी बायबल त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटलं, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते स्वतः साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच काम चालू होतं.

तेव्हा टिपणं काढताना ‘समर्पण’ या शब्दापुढे कंसात लिहीत चला: कोणी, काय, कोणाला दिलं, आणि आज्ञा प्रत्यक्षात कोणी केली. आणि रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर निर्गमाचा २९ वा अध्याय काढा, शेजारी प्रचलित मराठी बायबल ठेवा, आणि त्या ‘हात भरण्या’चं दोन्हीकडे काय झालंय ते पाहा.