पात्याला पाणी पाजले, पुढचे काम राहिले

आम्ही कापडाचे व्यापारी. पोलादाशी आमचा संबंध कात्री आणि पात्यापुरताच. पण दीड वर्षामागे कापडाचे नमुने नागमोडी कडेने कापण्याच्या यंत्रासाठी आम्ही सहा पाती स्वस्तात करून घेतली. पहिल्याच आठवड्यात दोन तुटली. एकाची कपची कारागिराच्या डोळ्याजवळून गेली. पाती करणारा म्हणाला, "शेठ, माल अस्सल आहे." ते खरेच होते. खोट भट्टीच्या कामात होती.

या पोलादाला बाजारात ओएचएनएस म्हणतात. त्यात कार्बन सुमारे ०.९ टक्के, शिवाय मँगनीज, थोडे क्रोमियम व टंगस्टन. विकत आणतो तेव्हा ते नरम असते, कानस सहज चालते. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवले की आतला कार्बन लोखंडात विरघळतो. मग ते तेलात बुडवतात. सावकाश निवले असते तर कार्बन पुन्हा वेगळा होऊन पोलाद नरम पडले असते. झटकन थंड केल्यामुळे त्याला निघायला सवड मिळत नाही. तो लोखंडाच्या अणूंच्या मांडणीत अडकतो आणि ती मांडणी ताणली जाते. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. सारा कडकपणा तिचा. लोहार यालाच पाणी पाजणे म्हणतात, पण हे पोलाद खरोखर पाण्यात बुडवले तर चिरण्याची भीती, म्हणून तेल.

तेलातून निघालेले पाते काचेच्या जातीचे असते. हाताला सोसेल इतके कोमट होताच त्याला पुन्हा तापवावे लागते, या वेळी फक्त २०० अंशांच्या आसपास, दोनेक तास. हे टेम्परिंग. थोडा कार्बन अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडतो, ताण उतरतो. रॉकवेल मोजणीवर ६४ असलेला कडकपणा ६० ते ६२वर येतो, पण पाते धक्का सोसू लागते. व्यापाऱ्याच्या हिशेबी हा सौदा महाग नाही.

आमची पाती एका जाणकाराने तपासली. पोलाद जास्त तापले तर त्याचे कण मोठे होतात आणि तुटलेली कड साखरेसारखी चमकते. आमची कड राखाडी, बारीक होती. म्हणजे पहिली आच बरोबर होती. कडकपणा मात्र ६४ भरला. टेम्परिंग झालेच नव्हते. विजेची बचत केली होती!

धार लावतानाही सांभाळावे. कोरड्या चाकावर कड निळी पडली की समजावे, तिथे ३०० अंशांच्या आसपास उष्णता पोचली आणि कड नरम झाली. हायस्पीड पोलादाची गोष्ट निराळी. त्याचे टेम्परिंगच ५५० अंशांच्या आसपास होते.

पाती घेताना कडकपणाचा आकडा बिलावर लिहून घ्यावा, आणि टेम्परिंग किती अंशांवर, किती वेळ केले, हेही विचारावे. आमच्या उरलेल्या चारांपैकी एकाला केसभर तडा गेला होता. तडा टेम्परिंगने बुजत नाही, ते भंगारात गेले. तीन दुसऱ्या भट्टीवाल्याकडून टेम्पर करून घेतली. ती आजही चालताहेत.