उशिरा पोहोचलेली फ्रिगेट : मुंबईची 'त्रिंकोमाली'

मंडळी, पाथर्डीत उभं राहून जहाजाची गोष्ट सांगायची म्हणजे गंमतच. आपल्याकडे पाणी दिसतं ते टँकरमध्ये! (हशा) पण गोष्ट मुंबईची आहे, आणि सागवानाची.

फ्रिगेट म्हणजे शिडांचं, मध्यम आकाराचं, चपळ लढाऊ जहाज. टेहळणी करायची, शत्रूची व्यापारी जहाजं पकडायची, हे तिचं काम. 'त्रिंकोमाली'चा मूळ आराखडा अठराव्या शतकातला, तोही फ्रेंचांचा. 1782 मध्ये इंग्रजांनी 'एबे' ही फ्रेंच फ्रिगेट पकडली. ती त्यांना इतकी आवडली की तिच्यासारखी जहाजं ते पुढं कित्येक वर्षं बांधत राहिले.

1812 साली नेपोलियनशी युद्ध चालू होतं. इंग्लंडात ओकचं लाकूड पुरेना, म्हणून काम मुंबईच्या गोदीला मिळालं. आराखडे घेऊन निघालेलं 'जावा' जहाज ब्राझीलजवळ अमेरिकनांनी हरवलं. आराखडे गेले, ते पुन्हा पाठवावे लागले. अखेर 1816 मध्ये जमशेटजी बोमनजी वाडियांनी काम सुरू केलं. पारशी रीतीप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. 12 ऑक्टोबर 1817 ला जहाज पाण्यात उतरलं. आणि वॉटर्लू? ते झालं 1815 ला! लढाई संपल्यावर तलवार तयार झाली.

1819 मध्ये ती पोर्टस्मथला पोहोचली आणि डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून तशीच ठेवली गेली. पहिली खरी कामगिरी मिळाली 1847 साली, तीही तोफा 46 वरून 26 करून.

एवढी वर्षं ती टिकली कशी? ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं; सागवानात तेल असतं, खिळा शाबूत राहतो. जुन्या वाड्याची तुळई आठवा.

पुढं ती नौसैनिकांच्या शिक्षणाला वापरली. 1897 मध्ये तर भंगारात विकली होती. एका हौशी माणसानं ती घेऊन वाचवली, पण नाव बदललं. जुनं नाव परत मिळालं 1992 मध्ये. आज ती हार्टलपूलला आहे. नेल्सनची 'व्हिक्टरी' तिच्याहून जुनी खरी, पण ती कोरड्या गोदीत टेकवलेली. पाण्यावर तरंगणारं सर्वांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज आपल्या मुंबईचं.