आराखड्यापासून साइटपर्यंत

भारतातील स्त्रियांच्या अभियांत्रिकी शिक्षणाचा इतिहास सांगताना पहिली पदवी कोणी आणि कोणत्या साली मिळवली यावरच बहुधा भर दिला जातो. परंतु पदवी हाती आल्यावर त्या स्त्रीला प्रत्यक्ष काम कोठे करता आले, हा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. अभियंत्याचे काम ढोबळमानाने दोन ठिकाणी चालते : एक कार्यालय, जेथे गणिते मांडून आराखडे तयार होतात, आणि दुसरे साइट किंवा कारखान्याचा शॉप फ्लोअर, जेथे ते आराखडे प्रत्यक्षात उतरतात. यांपैकी पहिल्या ठिकाणी स्त्रियांना तुलनेने लवकर प्रवेश मिळाला, दुसऱ्यासाठी मात्र त्यांना पुष्कळ थांबावे लागले.

ए. ललिता यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पंधराव्या वर्षी विवाह आणि अठराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, पदरी तान्ही मुलगी असलेल्या ललितांनी १९४० च्या सुमारास मद्रासमधील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेत प्रवेश घेतला. त्यांचे वडील पप्पू सुब्बाराव त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होते, आणि त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्यापुढे मुलीचा प्रश्न मांडला नसता तर हा प्रवेश शक्य झाला असता असे वाटत नाही. लवकरच पी. के. थ्रेसिया आणि लीलाम्मा जॉर्ज या दोघी स्थापत्य शाखेत, म्हणजे रस्ते, पूल व इमारती यांच्या बांधकामाच्या शाखेत दाखल झाल्या आणि १९४३-४४ च्या सुमारास तिघीही पदवीधर झाल्या.

जमालपूरच्या रेल्वे कार्यशाळेत उमेदवारी आणि सिमल्याला काही काळ सरकारी नोकरी केल्यानंतर ललिता १९४८ मध्ये कलकत्त्यात असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत रुजू झाल्या. तेथे भाऊ राहत असल्याने मुलीच्या संगोपनाची सोय होती, आणि ही सोय त्यांच्या कारकिर्दीत पदवीइतकीच निर्णायक ठरली. वीजवाहिन्यांचे आराखडे आणि उपकेंद्रांची, म्हणजे विजेचा दाब कमीअधिक करून ती पुढे पाठवणाऱ्या केंद्रांची मांडणी हे त्यांचे काम होते. भाक्रा-नांगल प्रकल्पातील जनित्रांच्या संरक्षक यंत्रणेवरही त्यांनी काम केले. जनित्रात बिघाड होऊन वीजप्रवाह भलताच वाढला तर ही यंत्रणा तो दोष ओळखते आणि जनित्र उर्वरित जाळ्यापासून क्षणार्धात अलग करते. एवढ्या जबाबदारीचे काम ज्या स्त्रीकडे सोपवले गेले, तिने एकटीने साइटवर हिंडणे मात्र त्या काळच्या विधवेला झेपण्यासारखे मानले जात नव्हते. अडचण कौशल्याची नव्हती, प्रवासाची आणि मुक्कामाची होती.

थ्रेसिया यांची वाट वेगळी होती. कोचीन संस्थानाच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात प्रवेश करून त्या पायरीपायरीने वर चढल्या, अविवाहित राहिल्या आणि १९७१ मध्ये केरळच्या मुख्य अभियंता झाल्या. रस्त्याच्या डांबरात रबर मिसळण्याचे प्रयोग त्यांच्या कारकिर्दीत झाले, आणि रबराच्या मळ्यांनी भरलेल्या राज्यात ते स्वाभाविकच होते.

महाराष्ट्रात शकुंतला भगत यांना देशातील पहिल्या स्त्री स्थापत्य अभियंता म्हणण्याची पद्धत आहे. गिंडीच्या दोघी त्यांच्या सुमारे नऊ वर्षे आधी पदवीधर झालेल्या असल्याने हा मान तपासून घ्यायला हवा, पण त्यामुळे त्यांचे कर्तृत्व उणे होत नाही. पुलांचे नामांकित अभियंता एस. बी. जोशी यांच्या या कन्येने १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून पदवी घेतली, आयआयटी मुंबईत अध्यापन केले आणि १९७० मध्ये पती अनिरुद्ध भगत यांच्यासह क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली. ठरावीक मापाचे पोलादी भाग कारखान्यात तयार करायचे आणि जागेवर नेऊन दरीच्या रुंदीप्रमाणे ते जोडत जायचे, ही त्यांची पद्धत. तिचा पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचल प्रदेशातील स्पितीत उभा राहिला. प्रेरणेचा उल्लेख बहुधा भाषणातील गोष्ट म्हणून होतो, पण ललिता आणि भगत या दोघींच्या घरात ती वडिलांच्या व्यवसायाच्या रूपाने वावरत होती. ज्यांच्या घरी असे कोणी नव्हते, त्यांच्यासाठी वाट किती अरुंद होती हे पुढच्याच पिढीत दिसते : १९७४ मध्ये टाटा समूहातील टेल्को या कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे वाचून सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटा यांना थेट पोस्टकार्ड धाडले, तेव्हा कोठे त्यांना मुलाखतीला बोलावणे आले.

अशा नकाराला कायद्याचाही आडोसा होता. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने कामगार स्त्रियांच्या संरक्षणासाठी त्यांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामावर ठेवण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली; हेतू चांगला असला तरी पाळ्यांमध्ये चालणाऱ्या कारखान्यांना मुली न घेण्याचे तयार कारण त्यातून मिळाले. मद्रास उच्च न्यायालयाने ही तरतूद २००० मध्ये घटनाबाह्य ठरवली. खाणींच्या बाबतीत १९५२ च्या अधिनियमाने स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यास पूर्ण बंदी घातली होती, आणि ती २०१९ मध्ये शिथिल झाली. त्या वेळी तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामासाठी स्त्री अभियंत्याला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत भूमिगत खाणीत उतरण्याची मुभा मिळाली. खाणीच्या जमिनीवरील भागात रात्रपाळीचीही परवानगी मिळाली, मात्र त्यासाठी तिची लेखी संमती लागे आणि पाळीत किमान तीन स्त्रिया असाव्या लागत.