सर्व्हर मानखुर्दचा, शाळा मिझोरामची

वि. ना. पुरव मार्गावर दोन संस्था आहेत. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’, आणि थोडे पुढे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. दोघांचा पिनकोडही एकच, ४०००८८. या टापूत घडलेला एक सर्व्हर राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराममधल्या सरकारी माध्यमिक शाळांत पोचला. त्याचे विशेष हे की तो इंटरनेटच्या भरवशावर बेतलेलाच नव्हता.

प्रकल्पाचे नाव ‘क्लिक्स’, कनेक्टेड लर्निंग इनिशिएटिव्ह. टाटा ट्रस्ट्सचे पाठबळ, टिस आणि अमेरिकेतल्या एमआयटीचे नेतृत्व, होमी भाभा केंद्र भागीदार. २०१६ पासून तो शाळांत उतरला आणि पुढे युनेस्कोचा २०१७ सालचा किंग हमाद पुरस्कारही त्याला मिळाला. पाठांवर आणि खेळांवर भरपूर लिहून आले आहे. भूमितीच्या घटकातला ‘पोलीस क्वॉड’ हा खेळ मुलांना आवडावा असाच आहे. मला मात्र त्या पाठांखालच्या यंत्रणेत जास्त रस आहे.

शाळेच्या संगणक खोलीत एखादी नवी प्रणाली बसवायची जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. एक संगणक नीट सजवायचा, त्याच्या संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढायची आणि ती बाकीच्यांवर ओतायची. दुरुस्तीवाल्यांच्या बोलीत ‘घोस्ट मारायचा’. एकाच खरेदीत आलेले वीस संगणक असतील तर ही रीत उत्तम. सरकारी शाळेत तसे नसते. एक संगणक एका योजनेतला, दुसरा दुसरीतला. कुणाचे नेटवर्क कार्ड वेगळे, कुणाचे ग्राफिक्स. एकावर चाललेली प्रतिमा दुसऱ्यावर ड्रायव्हरसाठी अडून बसते. शिवाय एका पाठात एक चूक सापडली तरी अख्खी डिस्क पुन्हा ओतायची वेळ येते, आणि तिच्यावर साठलेले मुलांचे काम जाते ते वेगळेच.

होमी भाभा केंद्रातल्या ‘नॉलेज’ (gnowledge) लॅबने घेतलेला मार्ग असा. क्लिक्सचे पाठ ज्यावर चालत तो ‘जीस्टुडिओ’ हा तिथलाच मुक्त मंच, पायथनच्या जँगो चौकटीवर बांधलेला, माहिती मोंगोडीबीत ठेवणारा. हा सगळा संसार ‘डॉकर’च्या इमेजमध्ये बांधला गेला. डॉकर २०१३ साली आले. त्याची इमेज थराथरांनी बनते: तळाला लिनक्सची मूळ सामग्री, वर भाषेची लायब्ररी, त्यावर आपला कोड. कोणता थर कसा चढवायचा याची कृती ‘डॉकरफाइल’ नावाच्या साध्या मजकुरात लिहिलेली असते. प्रत्येक थराला त्याच्या मजकुरावरून काढलेला ठसा असतो, त्यामुळे एकदा बनलेला थर दहा ठिकाणी तसाच वापरता येतो. शाळेतल्या एका सर्व्हरवर ही इमेज चालवायची; मुलांच्या संगणकाला फक्त ब्राउझर आणि केबल पुरे. ड्रायव्हरचे भांडण तिथेच मिटते.

खरी मेख पुढे आहे. नेट असेल तर डॉकर फक्त बदललेला थर उतरवून घेतो. पण नेट नसलेल्या शाळेसाठी इमेज ‘सेव्ह’ करून फाइल बनवली की तिच्यात सगळेच थर येतात, जुने-नवे सारे. ती फाइल पेनड्राइव्हवर न्यायची आणि तिथे ‘लोड’ करायची. चार जीबीच्या वरची फाइल फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर मावतही नाही, हे गावी पोचल्यावर कळले तर फेरी फुकट. म्हणजे थरांचा फायदा नेमका जिथे हवा तिथेच हातचा जातो. म्हणूनच मूळ इमेज एकदाच बसवून पुढच्या सुधारणा छोट्या ‘पॅच’ने पाठवण्याला महत्त्व येते. पॅच म्हणजे बदललेल्या फाइली आणि त्या जागी लावणारी स्क्रिप्ट. कोणत्या पॅचवर कोणता लावायचा हा क्रम चुकला तर दोन शाळांचे सर्व्हर नावाला सारखे, आतून वेगळे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि सगळी यंत्रणा त्याच्यावरच उभी असते.

विद्यार्थ्यांची माहिती इमेजच्या बाहेर, डिस्कवरच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायची, ही डॉकरची दुसरी शिस्त. इमेज टाकून नवी आणली तरी मुलीने गेल्या महिन्यात सोडवलेला पाठ जागेवर राहतो. माझ्या मते पुरस्कारापेक्षा हा निर्णय मोठा आहे. जे बदलते आणि जे जपायचे ते आधीच वेगळे काढले, की सर्व्हर दुरुस्त करायला धाडस लागत नाही.

उणीव सांगायलाच हवी. असे प्रकल्प निधीच्या मुदतीवर चालतात. मुदत सरली की पॅच कोण बनवणार, याचे उत्तर इमेजमध्ये नसते. आणि दुसरी उणीव आपल्या जिव्हारी लागावी अशी: मुंबईत बनलेले हे पाठ इंग्रजी, हिंदी आणि तेलुगूत झाले, मराठीत नाही. होमी भाभा केंद्र १९७४ पासून महाराष्ट्रातल्या शाळांत काम करत आले आहे आणि त्याने मराठीतून विज्ञानाची पुस्तकेही काढली आहेत, म्हणून हे जास्त खटकते.

जीस्टुडिओचा कोड मुक्त परवान्याखाली गिटहबवर पडून आहे, ‘नॉलेज’च्याच नावाने. पाठही खुल्या परवान्याचे आहेत. मराठी शाळांसाठी झटणाऱ्या संस्थांनी आणि संगणक शिकणाऱ्या मुलांनी हा कोड उतरवून घ्यावा आणि एका तरी घटकाचा मराठी पाठ करून त्यात जोडावा. त्यासाठी कुणाची परवानगी मागायची गरज नाही.