बिल्ड प्रणालीचे स्थलांतर

बिल्ड प्रणालीचे स्थलांतर म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता तीच ठेवून, तिच्यापासून संगणकावर चालणारी आज्ञावली तयार करण्याची यंत्रणा बदलणे होय. कोणत्या फायली कोणत्या क्रमाने कंपाइल करायच्या, कोणत्या लायब्ररी जोडायच्या आणि तयार फायली कोठे ठेवायच्या, हे बिल्ड प्रणाली ठरवते. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या बाबतीत डेबियन, फेडोरा यांसारखी लिनक्स वितरणे आणि स्वतः संहिता कंपाइल करणारे वापरकर्तेही तिच्यावर अवलंबून असल्याने या बदलाचा परिणाम मूळ विकसकांपुरता मर्यादित राहत नाही.

पार्श्वभूमी

स्टुअर्ट फेल्डमन यांनी इ.स. १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये 'मेक' हे साधन तयार केले. कोणती फाइल बदलली हे पाहून आवश्यक तेवढाच भाग ते पुन्हा तयार करते. निरनिराळ्या युनिक्स प्रणालींमधील फरक हाताळण्यासाठी १९९० च्या दशकात ऑटोकॉन्फ आणि ऑटोमेक ही साधने आली; ती ऑटोटूल्स या नावाने ओळखली जातात. पुढे सीमेक (२०००) आणि मेसन (२०१३) या प्रणाली विकसित झाल्या.

कारणे

ऑटोटूल्समधील एम४ आणि शेल लिपी वाचण्यास कठीण असतात, तसेच मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसाठी बहुधा वेगळी व्यवस्था ठेवावी लागते. काही वेळा स्थलांतर अपरिहार्य ठरते. पायथॉन ३.१२ मधून 'डिस्टयुटिल्स' हा भाग वगळला जाणार असल्याने सायपाय (२०२२) आणि नमपाय (२०२३) या वैज्ञानिक लायब्ररींनी मेसनचा स्वीकार केला.

प्रक्रिया

जुन्या लिपींमध्ये वर्षानुवर्षे साठलेल्या, पण कोठेही न नोंदवलेल्या अपवादांचा शोध घेणे हे यातील सर्वांत कष्टाचे काम असते. म्हणून दोन्ही प्रणाली काही काळ समांतर चालवून तयार झालेल्या फायली आणि चाचण्यांचे निकाल ताडून पाहिले जातात. पोस्टग्रेएसक्यूएलने आवृत्ती १६ मध्ये (२०२३) मेसनचा पर्याय दिला आणि आवृत्ती १७ मध्ये विंडोजसाठीच्या जुन्या स्वतंत्र लिपी काढून टाकल्या. ऑटोकॉन्फवर आधारित पद्धत मात्र कायम ठेवली. केडीई प्रकल्पाने आधी एससीकॉन्स वापरून पाहिले, पण केडीई ४ (२००८) साठी अखेर सीमेक निवडले.

देवनागरीशी संबंध

हार्फबझ ही लायब्ररी अँड्रॉइड, फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्ये मजकुरातील अक्षरांना योग्य आकार व स्थान देते. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील 'श्रीवर्धन' या गावाचे नाव युनिकोडमध्ये नऊ संकेतांनी साठवले जाते. त्यांतून 'श्री' हे जोडाक्षर घडवणे आणि 'ध'वर रफार चढवणे हे काम अशी लायब्ररी फाँटमधील नियमांच्या आधारे करते. हार्फबझने २०२० मध्ये मेसनचा वापर सुरू केला तेव्हा ऑटोटूल्सही सोबत ठेवले होते. अशा स्थलांतरात एखादी फाइल किंवा पर्याय गाळला गेल्यास संहितेत एकही चूक नसताना पडद्यावरील शब्द मोडू शकतो. त्यामुळे अक्षररचनेचा चाचणीसंच नव्या प्रणालीतही पूर्ण चालणे आवश्यक असते.

सुरक्षा

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना 'एक्सझेड' या संक्षेपण साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत छुपा प्रवेशमार्ग आढळला. त्याला चालना देणारी एम४ लिपी प्रकाशित संग्रहात होती, परंतु सार्वजनिक संहिता-भांडारात नव्हती. त्याच प्रकल्पाच्या सीमेक फाइलमध्ये एक जादा टिंब घालून 'लँडलॉक' या सुरक्षा सुविधेची तपासणी नेहमी अयशस्वी ठरेल अशी व्यवस्था केलेली होती. प्रणाली जुनी असो वा नवी, बिल्ड लिपींचे परीक्षण मूळ संहितेइतकेच काटेकोरपणे करावे लागते, हे या प्रकरणातून दिसून आले.